२१३५

रविवार, रात्री.

चार महिने टेबलावर बंद पडून असलेला मोट्रॅक रेडिओ आज उघडला. कुलपाला ओरखडाही न पडता उघडला, याचा आनंद मोठा आहे.

मोटोरोलाचा हा गाडीतला रेडिओ १९५८ सालचा. जड पेटी डिक्कीत, माइक आणि बटणं चालकाजवळ. पॉवर सप्लाय आणि रिसीव्हर पूर्ण ट्रान्झिस्टरवर नेणारा गाडीतला हा पहिला टू-वे, म्हणजे बोलता-ऐकता दोन्ही येणारा रेडिओ. त्याला वीज कमी लागे, म्हणून गाडीचं इंजिन बंद ठेवूनही तो वापरता यायचा. माझ्याकडे आला तो किल्लीशिवाय. पाहणारे सगळे म्हणाले, ड्रिल मार. मन होईना. कुलूप फोडलेला रेडिओ पुढे कितीही नीट वाजला तरी त्याच्या तोंडावरचं ते भोक मला दिसतच राहिलं असतं.

इतके दिवस मी हरवलेली 'ती' किल्ली शोधत होतो, आणि तिथेच चुकत होतो. हे कुलूप तिजोरीचं नाही. असे शेकडो रेडिओ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला खिशात एकच किल्ली पुरावी, म्हणून सगळ्यांना एकाच नंबरची कुलपं बसवत. मोटोरोलाच्या या रेडिओंसाठी तो नंबर २१३५. जनरल इलेक्ट्रिकच्या मास्टर टू या रेडिओला बीएफ१०ए नंबरची किल्ली लागते. म्हणजे शोधायचा असतो तो नंबर. तो कळला की त्या खाचांची कोणतीही किल्ली आपलीच.

२१३५ मिळाली, घातली, आणि फिरेना. पोटात गोळाच आला. पण आत पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली गेली की सगळ्या पत्र्या आत ओढल्या जाऊन गाभ्याशी सपाट होतात, तेव्हाच तो फिरतो. एखादीही जुन्या चिकट तेलात अडकली की संपलं. तेल पुन्हा घालायचं नाही, त्यावर धूळ बसते. आधी क्लीनरने धुतलं, रात्रभर सुकू दिलं, मग ग्राफाइटची पूड. किल्ली जोर न लावता पंधरा-वीस वेळा नुसती आतबाहेर केली. जोर लावला असता तर ती आतच तुटली असती.

मग अगदी हलकेच फिरली.

लगेच तिच्यावरून दुसरी कापून घेतली आणि मूळची नंबराची चिठ्ठी बांधून वेगळी ठेवली. झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढली की झीजही नकलेत उतरते, म्हणून कमी वापरलेलीच नमुना म्हणून जपायची.

पेटी सरकवून बाहेर काढली. ट्रान्समीटरच्या ट्यूब सगळ्या जागेवर आहेत.