वहीतली न केलेली वजाबाकी

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत निदेशक आहे. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम आणि ओतकाम शिकवणे हे माझे नेमलेले काम. पण विद्यार्थ्यांच्या एरोमॉडेलिंग क्लबची खोली कार्यशाळेच्याच इमारतीत आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून हळूहळू त्या क्लबची जबाबदारीही माझ्याकडे आली. विमाने मुले बांधतात, मुलेच उडवतात आणि बहुतेक वेळा मुलेच पाडतात. मी बाल्सा लाकूड कसे कापावे, सोल्डरिंग कसे करावे आणि बॅटरी कशी चार्ज करावी एवढे सांगतो. त्यातले शेवटचे मी किती अपुरे सांगत होतो, ते एका फेब्रुवारीतल्या संध्याकाळी कळले.

स्पर्धा बारा दिवसांवर आली होती. खोलीत भिंतीला टेकून थर्माकोलचे चार पंख उभे होते, खालच्या फळीवर थिनर आणि अ‍ॅसिटोनच्या बाटल्या होत्या, आणि मधोमध सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या टेबलावर चार्जर. आज हे लिहिताना या वाक्यातली प्रत्येक वस्तू मला चुकीच्या जागी दिसते, पण तेव्हा ती खोली मला टापटीप वाटत असे. टेबलावर एक लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चार्ज होत होती आणि तिच्या शेजारी हातभर अंतराच्या आत आणखी सहा ठेवलेल्या होत्या. चार्ज होणारी बॅटरी लहानशीच होती: तीन सेलची, २२०० मिलिअँपिअर-तासांची, वजनाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. शेजारच्या सहांपैकी दोन मात्र चार सेलच्या आणि ५००० क्षमतेच्या होत्या, म्हणजे प्रत्येकीत लहान बॅटरीच्या तिप्पट ऊर्जा, आणि दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

पाचला वीस मिनिटे कमी असताना मी पलीकडच्या केबिनमध्ये जर्नल तपासत होतो. प्रथम आवाज आला, शिट्टी न होता झाकणाच्या कडेने नुसतीच वाफ सोडणाऱ्या कुकरसारखा, आणि मागोमाग नेलपॉलिशच्या जवळ जाणारा एक गोडसर वास. हा वास बॅटरीतल्या द्रावणाचा असतो आणि तो आला याचा अर्थ सेलचे पाकीट फाटले आहे, हे मी आता झोपेतही ओळखेन. त्या दिवशी मला वाटले की कोणीतरी थिनर सांडले. मी दारात पोहोचलो तेव्हा बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती, एका कडेने पांढरा दाट धूर फवाऱ्यासारखा सुटला होता आणि तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी चार्जरची वायर उपसायला हात पुढे करत होता. मी त्याला कॉलरला धरून मागे ओढले. पुढच्याच क्षणी धुराने पेट घेतला आणि टेबलाच्या वर दोन-अडीच फुटांची ज्योत सरळ आडवी, त्याचा हात जिथे होता तिथूनच गेली.

मी मुलांना बाहेर काढले, एमसीबी पाडला, दाराजवळचा पावडरचा अग्निशामक काढला आणि पिन ओढून मारला. ज्योत तत्काळ विझली. मला स्वतःविषयी थोडे समाधान वाटेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांत, तीच बॅटरी दुसऱ्या कडेने पुन्हा भडकली. पुन्हा पावडर मारली, पुन्हा विझली, आणि तिसरा सेल पेटला. सेल एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. पहिल्याची उष्णता दुसऱ्यात आणि दुसऱ्याची तिसऱ्यात जाते. पावडर ज्योत मोडते, पण उष्णता काढून घेत नाही. आणि तापलेल्या सेलमधले धनाग्राचे ऑक्साइड स्वतःच प्राणवायू सोडत असल्याने हवा तोडूनही आतली प्रक्रिया थांबत नाही.

एवढ्यात आमचे मदतनीस तात्या फरशी पुसायची पाण्याची बादली घेऊन धावत आले. मी ओरडलो, "तात्या, पाणी नको! लिथियम आहे त्यात!" शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यावर नाचताना आणि पेटताना पाहिला होता, लिथियम त्याच कुटुंबातले, म्हणून पाणी वर्ज्य, असा हिशेब मी मनाशी कधीच करून टाकला होता आणि क्लबच्या पहिल्या बैठकीत मुलांनाही दरवर्षी तोच सांगत होतो. तात्या थबकले. "मग काय करू साहेब?" असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तोपर्यंत टेबलाची सनमायका उचलली जाऊन प्लायवूड पेटू लागले होते आणि ५००० ची जवळची बॅटरी आगीपासून वीतभर अंतरावर होती. तात्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी लांब दांड्याच्या वायपरने त्या सहाही बॅटऱ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून खाली सारल्या आणि खोलीबाहेर ढकलत नेल्या, परत येऊन जळती बॅटरी ओतकामाच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओढली, ट्रे फरफटत व्हरांड्यात नेला आणि माझ्याकडे न पाहता तिच्यावर बादली उपडी केली. वाफ झाली, चरचर झाली. स्फोट झाला नाही. दुसरी बादली मी स्वतः भरून आणली.

तात्यांचे बरोबर होते आणि माझे चूक. या बॅटरीत सोडियमच्या तुकड्यासारखा लिथियमचा धातू नसतो. लिथियम असते ते आयनांच्या रूपात, ग्रॅफाइटच्या आणि धातूंच्या ऑक्साइडच्या थरांत शिरलेले. तिला हवा असतो थंडावा, आणि तो पाण्याइतका स्वस्तात दुसरे काही देत नाही. वीज तोडलेली असावी आणि पाणी भरपूर असावे, एवढेच पाहायचे. सोडियम-मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या आगीसाठी मिळणारी खास पावडर इथे कामाची नाही, हेही मला नंतर कळले. ती मागवण्यासाठी मी आदल्या वर्षी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाल्याबद्दल अनेक महिने धुसफुसत होतो.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र पाण्याची नव्हती, धुराची होती. तीन-चार मिनिटे मी नाकाला ओला रुमाल लावून त्या खोलीत उभा होतो. द्रावणात फ्लोरिनयुक्त लिथियमचा क्षार असतो आणि तो जळताना हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, ज्याच्यापुढे रुमालाचे काही चालत नाही. त्याचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, म्हणून लगेच बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे लागते. कॉलर धरलेला विद्यार्थी रात्री आठनंतर खोकू लागला. त्याला रुग्णालयात नेले, एक रात्र देखरेखीखाली ठेवले आणि सकाळी सोडले. ती रात्र मी त्याच्या वडिलांशेजारी बाकावर काढली. ते सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार, औषधफवारणी करणारे. धुराबद्दल ते मला जे प्रश्न विचारत होते ते माझ्या ज्ञानाच्या पुढचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे घेऊन बसलो. बॅटरीतला तांब्याचा पातळ पत्रा काळवंडून पण पानापानाने शिल्लक होता. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मात्र वितळून त्याचे मणी झाले होते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, तेव्हा आतले तापमान निदान कोठवर चढले होते हे ओतकाम शिकवणाऱ्या माणसाला वेगळे मोजावे लागत नाही. पण ही आग लागली का, हे ट्रे सांगत नव्हता. ते क्लबच्या नोंदवहीत सापडले.

चार दिवसांपूर्वी ती बॅटरी असलेले विमान नाकावर पडले होते. मैदानावरच मुलांनी चेकर, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्ट दाखवणारे छोटे यंत्र, लावून तिन्ही सेल मोजले आणि वहीत लिहिले: ३.८४, ३.८३, ३.८५. सेल समान, बॅटरी फुगलेली नाही, म्हणून ती चांगली ठरली. चेकर काढताना मात्र कोणीतरी प्लगला न धरता वायरांना धरून ओढले आणि बॅलन्सची, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजू देणारी, बारीक वायर तुटली. त्यानंतर वहीत चार दिवसांनी एकच नोंद होती, चार्जिंगला लावण्यापूर्वीची, मल्टिमीटरने मुख्य टोकांवर घेतलेली: १०.९०. तिच्यापुढे त्या विद्यार्थ्याने बरोबरची खूण केली होती, कारण तीन सेलची बॅटरी ९ व्होल्टच्या खाली गेली नसेल तर ती चार्ज करता येते असे मी शिकवले होते.

पहिल्या तीन आकड्यांची बेरीज ११.५२ होते. कोणीही न वापरता, फळीवर पडून, चार दिवसांत ०.६२ व्होल्ट कमी झाले होते. चांगली बॅटरी चार दिवसांत शंभरावा भागही सोडत नाही. आपटल्यामुळे एका सेलच्या आतला, दोन पत्र्यांना वेगळे ठेवणारा पातळ पडदा कुठेतरी दबला असणार आणि तो सेल आतल्या आत झिरपत राहिला असणार. म्हणजे बाकीचे दोन जवळपास होते तिथेच होते आणि हा एकटा ३.२ वर आला होता. दोन्ही आकडे एकाच पानावर, बोटभर अंतरावर लिहिलेले होते. वजाबाकी कोणी केली नव्हती.

पुढचे गणित मी त्या मुलाकडून ऐकून पुरे केले. बॅलन्सची वायर तुटल्यामुळे चार्जर बॅलन्स पद्धतीने, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा पाहून, सुरू होईना, म्हणून त्याने साधी चार्ज पद्धत निवडली. सेलची संख्या बरोबर लावली, प्रवाह २.२ अँपिअर, म्हणजे क्षमतेइतकाच, तोही बरोबर लावला. पण या पद्धतीत चार्जरला फक्त बेरीज दिसते. बेरीज १२.६ होईपर्यंत, म्हणजे प्रत्येकी ४.२ होईपर्यंत, तो भरत राहतो, आणि ती बेरीज कोणकोणत्या आकड्यांची आहे हे त्याला कळत नाही. मुलाला पडद्यावर शेवटी १२.५ पाहिल्याचे आठवत होते. दुबळा सेल तोवर ३.८ च्या आसपास पोहोचला असेल, तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ४.३५ येतात. ४.२० ची मर्यादा ओलांडून ते दोघे भरत होते आणि पडदा दबलेला तिसरा त्याच प्रवाहाने आतून तापत होता. त्याने पेट घेतला तेव्हा शेजारचे दोघे पेट घेण्यासाठी जितके तयार असू शकतात तितके तयार होते. "सर, तुम्हीच म्हणाला होता, १२.६ दिसले की भरली," असे तो रुग्णालयातून परतल्यावर म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. मी वही उघडली आणि त्याच्याकडूनच ती वजाबाकी करून घेतली.

त्या महिन्यात चार्जिंग खोलीतून उठवून मागच्या उघड्या व्हरांड्यात कडप्प्याच्या ओट्यावर नेले. भोवती सिमेंटचे ठोकळे रचले, वर फक्त पत्र्याची पडवी. मुलांनी जाड पोलादी पेटी आणली होती, तिची रबरी पट्टी काढून टाकली आणि झाकण सैल केले, कारण वायू कोंडणारी पेटी संरक्षण देत नाही, बॉम्ब बनते. चार्ज चालू असताना दोन बादल्या भरलेल्या आणि एक माणूस हजर, तो उठला की चार्जर बंद. उडवायच्या नसतील त्या बॅटऱ्या भरून ठेवायच्या नाहीत, सेलमागे ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवायच्या. त्या संध्याकाळी ५००० च्या दोन्ही बॅटऱ्या उगाचच भरलेल्या होत्या, उड्डाण परवा होते. पडलेल्या विमानातली बॅटरी दिसायला कशीही असो, इमारतीबाहेर कोरड्या वाळूच्या घमेल्यात जाते, दोन दिवसांनी पुन्हा सेलवार मोजली जाते, आणि बॅलन्सची वायर तुटली असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय चार्जरला लागत नाही. बाद बॅटऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून निकामी करण्याचा सल्ला मुलांनी कुठूनतरी आणला होता. करून पाहिले तेव्हा मिठाच्या पाण्याने आधी टोके खाल्ली आणि सेल आत भरलेलाच राहिला. आता गाडीच्या हेडलाइटचा जुना दिवा लावून, उघड्यावर, ती पूर्ण रिकामी करतो आणि ई-कचरा नेणाऱ्यांकडे देतो. वहीत "फरक" नावाचा एक रकाना वाढला आहे.

प्राचार्यांनी लेखी अहवाल मागवला होता. कार्यालयाच्या छापील नमुन्यात "आगीचे कारण" या मथळ्यापुढे एकच ओळ होती. लिपिक म्हणाला, "सर, शॉर्ट सर्किट लिहून टाकू, सगळे तेच लिहितात." मी म्हणालो, वायरिंगमध्ये काहीही बिघाड नव्हता, तसे लिहिले तर उद्या वायरमनवर येईल. मी त्याला सेल, बेरीज, तुटलेली वायर आणि चार दिवस हे सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सेलच्या आत ते दोन पत्रे एकमेकांना लागले, असेच ना?" मी हो म्हणालो. त्याने "शॉर्ट सर्किट" असे लिहिले, त्यापुढे कंसात "बॅटरीच्या आत, वहीची प्रत सोबत" असे जोडले आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.