ओएच कट होतोय, मग कॉस्टिक कशाला?

आमचं प्लेटिंगचं युनिट अंबड एमआयडीसीत, झिंकची एक लाईन अजून सायनाइडवर चालते आणि तिचं धुण्याचं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, माझ्याकडे येतं. तिथे हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सोडून त्यातल्या विषारी सायनाइडचं सायनेट करतो. त्याआधी पीएच वाढवायला कॉस्टिक सोडा टाकतो, त्यातूनच ओएच मायनस मिळतो. परवा परचेसवाले मागे लागले की कॉस्टिक एवढं कसं लागतं, कमी करा. तेवढ्यात आमचा ट्रेनी पोरगा, नुकताच बीएस्सी होऊन आलाय, लॉगशीटच्या मागे रिअ‍ॅक्शन बॅलन्स करून घेऊन आला, "सर, त्यांचं बरोबरे, ओएच तर कटच होतोय."

पोराचं गणित एकदम करेक्ट होतं. सायनाइडचं सायनेट होताना एक ऑक्सिजन कमी पडतो, तिथे पाणी घेतलं, दोन एच प्लस आले, माध्यम बेसिक म्हणून दोन्हीकडे दोन-दोन ओएच मायनस टाकले, दोन इलेक्ट्रॉन सुटले. तेच दोन घेऊन हायपोक्लोराइटचं क्लोराइड होतं आणि दोन ओएच परत बाहेर. बेरीज केली की ओएच, पाणी सगळं उडतं, उरतं एकास एक. हायपोचा डोस आपण यावरूनच काढतो.

पण म्हटलं अरे, बेरजेत उडाला म्हणून टाकीत नको असं कुठंय! हायड्रोजन सायनाइडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला सायनाइड अर्धं त्या रूपात असतं तो आकडा, 9.2, पीएच त्याच्या खाली गेला की निम्म्याहून जास्त सायनाइड त्या रूपात जातं आणि ते वायू होऊन टाकीबाहेर येतं, तिथे माणसं उभी असतात बाबा. शिवाय हायपो सायनाइडचं थेट सायनेट करतच नाही, मध्ये सायनोजन क्लोराइड बनतो, तोही विषारी वायू, आणि पीएच 10 च्या वर असेल तरच तो पटकन फुटतो.

पोरगा गप्प बसला, मग पेन घेऊन स्वतःच दोन पायऱ्या वेगळ्या लिहिल्या. पहिलीत सायनाइड, हायपोक्लोराइट आणि पाणी, त्यातून सायनोजन क्लोराइड आणि दोन ओएच. दुसरीत तेच दोन ओएच सायनोजन क्लोराइड फोडायला खर्च. "सर, म्हणजे कट होणारा ओएच इथे कामाला लागतोय!" मला खरंच लय भारी वाटलं, कारण हे कॉलेजात कोणी टाकीसमोर उभं करून दाखवत नाही.

मग कॉस्टिकने पीएच 10.6 ला आणूनच हायपो सोडला, ओआरपीचा, म्हणजे ऑक्सिडेशन किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा चढत गेला तसा तो शेजारी उभा राहून लिहीत होता. परचेसला मी त्याच्याच त्या दोन ओळींचा फोटो पाठवला, संध्याकाळी कॉस्टिकची ऑर्डर निघाली, आहे तेवढीच.