शनिवारवाड्यात शिरलं की गेम बंद

भाचीचा मेसेज आला तेव्हा मी मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या आमच्या पेढीवर गुळाच्या विक्रीच्या पट्ट्या खतावत बसले होते. "आत्या मला वाचव." मे महिन्यातली दुपार, पोरगी घरात एकटी. पोटात गोळाच आला. फोन लावला तर पलीकडून अगदी थंड आवाज, "वाड्यात शिरलं की गेम बंद पडतोय गं. आता तर उघडतच नाहीये."

शेठ समोरच बसले होते, म्हणून तोंडातले शब्द तोंडातच ठेवले.

वाडा म्हणजे शनिवारवाडा आणि गेम म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायचा माइनक्राफ्ट, तोही त्यात कोंबलेल्या १८६ मॉडांसकट. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये नसलेल्या गोष्टी घालणारी बाहेरची जोडणी. मशीन माझं, जग तिचं. भाऊ वरच्याच मजल्यावर राहतो. त्यामुळे दिवसा ती आमच्या बिबवेवाडीच्या हॉलमध्ये त्या मशीनसमोर असते आणि रात्री जेवणं आटोपली की तासभर मी. खरा वाडा १७३० साली सुरू होऊन १७३२ मध्ये उभा राहिला. आमच्या बाईसाहेबांनीही बरोबर दोनच वर्षं घेतली. एक ठोकळा म्हणजे एक मीटर असं माप धरून तट, बुरूज, पाचही दरवाजे केले. दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांसाठी तर वेगळा मॉड घातला. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, म्हणून आतले दिवाणखाने तिने मनानेच बांधले. आणि त्या दिवाणखान्यांखाली, पेशव्यांना कधी सुचलं नसतं असं एक कोठार. वरून काहीही टाका, गहू असो की हिरा, आपोआप आपापल्या पेटीत जाऊन पडतं. या कोठाराने पुढे आम्हाला चांगलंच रडवलं.

तसा गेम महिनाभर अडखळतच होता. आणि महिनाभर मी तेच केलं जे सगळे करतात: मशीनला शिव्या घातल्या. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात कॅबिनेट रिक्षात घालून घेऊन गेले. तिथल्या माणसाने ते उघडलंही नाही. "ताई, ग्राफिक्स कार्ड बदला, याच्यावर हे असले गेम नाही चालायचे." किती लागतील विचारलं, त्याने आकडा सांगितला, मी कॅबिनेट उचललं. घरी येऊन स्क्रू काढले तर पंख्यावर बोटभर जाड धूळ. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, तिथली सगळी वाळू बहुतेक आमच्याच मशीनमध्ये येते. ब्रशने झाडलं, प्रोसेसरचं तापमान ९३ वरून ७६ वर आलं. मला वाटलं, जिंकलो. गेम तेवढाच अडखळत होता.

असो. त्या रात्री जेवायच्या आधीच बसले. लाँचरवर, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामवर, "एक्झिट कोड १" अशी पाटी. भाचीने तिचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथे तिला सतरा सल्ले मिळाले होते. पण तो कोड म्हणजे "काहीतरी बिनसलं" एवढंच. त्यावरून औषध देणं म्हणजे "बरं वाटत नाहीये" एवढ्या वाक्यावर ऑपरेशन करण्यासारखं.

मी तरी काय मोठी शहाणी? पेढीवर तेरीज, म्हणजे जमा-नावेची गोळाबेरीज, जुळली नाही की आम्ही निम्मी पानं बाजूला ठेवून बघतो, चूक या निम्म्यात की त्या निम्म्यात. तेच इथे करायला गेले. १८६ मॉड, निम्मे ९३, पुढे ४६, २३... आठ फेऱ्यांत गुन्हेगार हातात यायला हवा. कागदावर बरोबर आहे. पण कीर्दीची पानं एकमेकांच्या खांद्यावर उभी नसतात, मॉड असतात. अर्धे काढले तर उरलेल्या अर्ध्यांनी "आमची लायब्ररी कुठेय", म्हणजे ज्याच्या आधारावर आम्ही चालतो तो मॉड कुठेय, म्हणून सुरूच व्हायला नकार दिला. आणि त्यांच्या लायब्ऱ्या परत टाकून जग तसंच उघडलं असतं, तर काढलेल्या मॉडांचे ठोकळे जगातून कायमचे गळून पडले असते. खिळ्यांसकट. नशिबाने एवढी एक अक्कल शाबूत होती: आधी जगाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं होतं. ही सवयही पेढीवरच्या हिशेबाच्या टॅलीची, शेठच्या धाकाने लागलेली.

मग जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते रात्री साडेदहाला केलं. गेमच्या फोल्डरमध्ये "क्रॅश रिपोर्ट्स" नावाचं फोल्डर असतं, त्यातली सगळ्यात ताजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळ्यात वर गेम स्वतःच एक वाकडी ओळ टाकतो, दर वेळी वेगळी. आम्हाला आली ती, "व्हाय डिड यू डू दॅट?" भाची म्हणाली, "हे आईसारखंच बोलतंय." खाली शेकडो ओळींचं रामायण असतं, ते सगळं वाचायचं नसतं. तीनच गोष्टी बघायच्या: डिस्क्रिप्शनची ओळ, "कॉज्ड बाय"ने सुरू होणाऱ्या ओळी, आणि ठिकाण दिलं असेल तर ते. आमच्याकडे डिस्क्रिप्शन होतं, "टिकिंग ब्लॉक एन्टिटी".

म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. या गेमचं जग सेकंदाला २० ठोके चालतं, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. दगड, माती हे ठोकळे बिचारे नुसते पडून असतात. पण भट्टी, हॉपर, मॉडांची यंत्रं यांच्या पोटात काहीतरी साठवलेलं असतं आणि त्यातली बहुतेक दर ठोक्याला काही ना काही काम करतात. या ब्लॉक एन्टिटी. त्यातली एखादी आपलं काम करताना कोसळली की सगळा गेम सोबत घेऊन जाते. आणि खेळाडू शेवटी तिच्याच शेजारी उभा असेल, तर जग उघडल्या उघडल्या तीच पुन्हा कोसळणार. ठिकाणाचे तीन आकडे भाचीने बघितले आणि न शोधता म्हणाली, "गणेश दरवाजा. बुरुजातली चक्की."

चक्की म्हणजे धातू दळणारं एका मॉडचं यंत्र. "काल काय केलंस?" "काही नाही." "काहीच नाही?" "अपडेट ऑलवर क्लिक केलं." असं ते. सगळे मॉड एका फटक्यात नवे. यंत्राच्या पोटातली नोंद जुन्या आवृत्तीने लिहिलेली, वाचायला नवी आवृत्ती, आणि तिला ती वाचता येईना. जुनी आवृत्ती परत टाकून बघितली, तर दुसऱ्याच एका मॉडने हटून बसून नवीच मागितली. रात्रीचे साडेअकरा. वहिनी वरून दोनदा हाक मारून गेल्या.

इथे मी थोडं थांबले, आणि थांबले ते बरं झालं. एक कोरं करकरीत जग सुरू केलं. वाडा नाही, चक्की नाही, नुसतं गवत आणि मेंढ्या. मॉड तेच १८६. बंद पडलं नाही. पण दर दहा-बारा सेकंदांनी चित्र क्षणभर गोठायचं, जसं वाड्यात गोठायचं तसंच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेरजेत फरक आला आणि तो नऊने भागला जात असेल, तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत हे आम्ही झोपेतही ओळखतो. पण कधी कधी फरकाला काहीच लागू पडत नाही, कारण ती एक चूक नसते, दोन-तीन चुकांची बेरीज असते. मी महिनाभर एक रोग शोधत होते. रोग निदान दोन होते, आणि त्यातला एक तरी वाड्याचा नव्हताच.

तो माझा होता. मशीनमध्ये १६ जीबी रॅम. गेम ज्यावर चालतो त्या जावाला आमच्या लाँचरने मुळात २ जीबीच दिली होती, एवढ्या मॉडांना ती पुरत नाही हे खरं. म्हणून मी हिवाळ्यात सढळ हाताने १४ दिली होती. जास्त दिलं की जास्त पळेल! उरलेल्या दोनात विंडोज, ब्राउझर आणि भाचीची चालू असलेली गाणी. हे सगळे बिचारे रॅम पुरेना म्हणून हार्ड डिस्कवर पथारी पसरायचे, आणि आमची डिस्क जुनी, फिरणारी. एफ ३ दाबलं की उजवीकडे वर मेमरीचा टक्का दिसतो. तो ९० च्या पुढे चढायचा, मग जावा वापरून झालेला कचरा उपसायची, टक्का धाडकन ३० वर, आणि नेमकं त्याच क्षणी चित्र गोठायचं. १४ ची ७ जीबी केली. ब्राउझर बंद केला. कोऱ्या जगात मेंढ्या लोण्यासारख्या चालायला लागल्या. कमी देऊन जास्त मिळालं, हे शेठला सांगायची सोय नाही. पगाराच्या वेळी काढतील.

आता चक्की. आमचा गेम १.२०.१ आवृत्तीचा, त्यावर मॉड चालवणारं फोर्ज. जगाच्या फोल्डरमध्ये "सर्व्हर कॉन्फिग" नावाचं फोल्डर असतं, त्यात फोर्जची एक फाइल. तिच्यात "रिमूव्ह एररिंग ब्लॉक एन्टिटीज" अशी ओळ "फॉल्स" लिहून झोपलेली असते. तिला "ट्रू" केलं की जग उघडताना कोसळणारी ब्लॉक एन्टिटी गेम मुळासकट उपटून टाकतो आणि पुढे जातो. दुरुस्त करत नाही, उपटतो. पोटात जे असेल त्याच्यासकट. हे भाचीला आधी सांगितलं.

"त्यात माझे ३१ हिरे आहेत."

"एकतीस हिरे की वाडा?"

तिने बराच वेळ विचार केला, इतका की मला काळजी वाटायला लागली. मग मान हलवली. जग उघडलं. ओळ लगेच परत "फॉल्स" केली, नाहीतर उद्या दुसरं एखादं यंत्र शिंकलं तर त्याच्याही पोटातलं गायब व्हायचं आणि आम्हाला पत्ता लागायचा नाही. गणेश दरवाज्याच्या बुरुजात चक्कीचं नुसतं रिकामं खोकं उरलं होतं. ते फोडून काढलं, तर तिथे आरपार भोक. त्यातून बाहेरचं गवत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की रोग दोन नाही, तीन.

चित्र आता गोठत नव्हतं, पण वाड्यात दगड फोडला की तो फुटायचा आणि परत जागेवर यायचा. गाय चालता चालता मागे सरकायची. हा लॅग, म्हणजे हे अडखळणं, वेगळं. पहिला पडद्याचा होता, हा जगाचा. माइनक्राफ्ट एकट्याने खेळलं तरी २०१२ च्या १.३ आवृत्तीपासून आत एक छोटा सर्व्हर चालतोच. पडदा दाखवणारा वेगळा, जग चालवणारा वेगळा. जग चालवणारा दमला की लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदवहीत, "कान्ट कीप अप", मला झेपत नाहीये, असं रडगाणं येतं. आमच्या "लेटेस्ट" लॉगमध्ये ते पानंच्या पानं होतं. महिनाभर तिथेच होतं, मीच वाचलं नव्हतं. ग्राफिक्स कार्ड बदललं असतं तर हाच लॅग जास्त सुंदर दिसला असता, बाकी काही नाही.

स्पार्क नावाचा एक मॉड आहे, तो कोण किती वेळ खातो याचा हिशेब मांडून देतो. जीव खूश झाला, अगदी खर्चाचं खातं उघडल्यासारखं. पाच मिनिटं त्याचा हा हिशेब चालवला. एका ठोक्याला ५० मिलिसेकंदांच्या जागी सरासरी ११२, आणि त्यातला सगळ्यात मोठा घास हॉपरचा. कोठार! खाली जाऊन मोजले, २१२ हॉपर. हॉपर म्हणजे वरून आलेली वस्तू पुढे पेटीत सरकवणारं नरसाळं. आणि रिकामं नरसाळं स्वस्थ बसत नाही. ते ठोक्या-ठोक्याला वर बघतं, माझ्यावर काही पडलंय का? पेढीवर नवा आलेला पोऱ्या दर दोन मिनिटांनी "काही काम आहे का" विचारतो ना, तसे २१२ पोरे, सेकंदाला वीस वेळा.

उपाय खेळाडूंमध्ये जुना आहे. नरसाळ्यावर कंपोस्टर, म्हणजे गेममधलं खताचं लाकडी पिंप, ठेवायचा. मग ते हवेत पडलेल्या वस्तू शोधत बसत नाही, डोक्यावरच्या पिंपातच डोकावतं आणि तेवढ्यावर गप्प होतं. भाचीने अख्खी दुपार लाकूड तोडण्यात आणि पिंपं बनवण्यात घालवली. वरून वस्तू पडतात ती तोंडाजवळची चार तेवढी उघडी ठेवली. मी सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग चालू ठेवायचं ते, १२ वरून ६ वर आणला, म्हणजे आपल्याभोवती साधारण ६२५ चंक, जगाचे तुकडे, जिवंत ठेवायचे ते १६९ वर आले. लांबचं शेत आपण लांब असताना वाढत नाही, एवढाच तोटा. रात्री स्पार्क परत लावला: ४३. पाऊस पडला की ४७. चालेल.

पेनड्राइव्हवर आता "वाडा", "वाडा नवा" आणि "वाडा खरंच शेवटचा" अशी तीन फोल्डरं आहेत. "अपडेट ऑल" या बटणावर मी काळी चिकटपट्टी लावली असती, पण ते पडद्यावर आहे.

बुरुजातलं भोक तिने अजून बुजवलेलं नाही. रोज विचारते, रोज उद्यावर जातं. तिथून गाई आत येतात आणि थेट दिवाणखान्यात जाऊन उभ्या राहतात.