रूट काढायला निघालो आणि 443वर अडकलो

माझा छोटा वेब सर्व्हर कित्येक वर्षं रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणूनच चालत होता. अशा प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडलं की घुसणाऱ्याच्या हाती अख्खं मशीन लागतं, हे मला ठाऊक होतं. नुसता कंटाळा, दुसरं काही नाही.

वेगळा सिस्टम युजर बनवला, त्याला लॉगिन शेल दिलं नाही, सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालवतो तो) युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'युजर=' ची ओळ टाकली. पाच मिनिटांचं काम. (लिनक्समधला आयता 'नोबडी' युजर मात्र वापरू नका. आणखी दोन सर्व्हिसेस त्याच नावानं चालत असल्या, तर एकीत शिरलेला दुसरीच्या प्रोसेसमध्येही हात घालू शकतो.)

मग आलं पोर्ट 443, एचटीटीपीएसचं. लिनक्समध्ये 1024च्या खालचे पोर्ट साध्या युजरला सहसा उघडता येत नाहीत. उपाय माहीत होता: 'सेटकॅप' वापरून प्रोग्रॅमच्या फाइलला फक्त पोर्ट उघडण्याची मुभा द्यायची. दिली. टर्मिनलवर त्याच युजरनं चालवून पाहिलं, मस्त चाललं. सर्व्हिस सुरू केली: 'परमिशन डिनाइड'. पुन्हा टर्मिनल, चालतंय. पुन्हा सर्व्हिस, नाही.

तीन रात्री यात गेल्या. सर्टिफिकेटच्या परवानग्या तपासल्या, फोल्डर तपासले, एकदा तर वैतागून 777, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, मारलं. (लगेच मागे घेतलं, पण मारलं खरं.) त्या संदेशाचा सगळ्यात जास्त राग येतो. कोणी नाकारलं, का नाकारलं, काही म्हणून सांगत नाही.

प्रोग्रॅम दोन सेकंदांत मरत होता, म्हणून शेवटी युनिटमध्ये त्याच्या जागी '/प्रोक/सेल्फ/स्टेटस' (चालू प्रोसेसची माहिती) छापणारा 'कॅट' कमांड लावला. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, एक ओळ दिसली: 'नोन्यूप्रिव्ह्ज: 1'. ती मीच लावलेली! सुरक्षेसाठी म्हणून पहिल्याच दिवशी युनिटमध्ये 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' चालू केलं होतं. ते असलं की फाइलवर दिलेली जादा मुभा कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोग्रॅम सुरू करताना धरतच नाही. म्हणजे एका हातानं दिलं ते माझ्याच दुसऱ्या हातानं काढून घेतलं होतं.

ते बंद करायचं नाही. युनिटमध्येच 'अँबियंटकेपेबिलिटीज=' लिहून त्यात 'कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस' (तीच पोर्ट उघडण्याची मुभा) एवढं एकच द्यायचं. मग ती फाइलवरून नाही, सिस्टमडीकडूनच मिळते. सर्व्हिस पहिल्या फटक्यात उठली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत ओरडलो.

आधी सांगायला हवं होतं: जुनी लॉग फाइल रूटच्या मालकीची राहते, ती 'चाऊन' (मालक बदलणारा कमांड) करून नव्या युजरच्या नावावर करा. तेवढ्यासाठीही अर्धा तास गेला. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ सिक्युरिटी' हा कमांड सर्व्हिस किती उघडी आहे ते 10 पैकी आकड्यात सांगतो, माझी 9.6 वर होती, आता 4च्या खाली आहे.

आणि हो, फाइलवरचं ते जुनं 'सेटकॅप' अजून तसंच होतं. आज 'सेटकॅप -आर' मारून तेही काढलं.