काळ्या बॉनेटवरचा धुरकटपणा : पॉलिश, पॅड आणि मशिन निवडतानाचा माझा अनुभव

गाडीच्या रंगावरचे ओरखडे घासून काढणारे कंपाऊंड (जाडसर, जोरकस) आणि पॉलिश (त्याहून बारीक) यांच्या बाटल्यांवर घासण्याची ताकद आणि चमक दाखवणारे आकडे छापलेले असतात, परंतु एका कंपनीचा सहा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा सहा नव्हे. मशिनला लावायच्या पॅडच्या रंगांचेही तसेच आहे. एकीकडे केशरी रंग मध्यम पॅडला दिलेला असतो, तर दुसरीकडे तोच रंग जोरकस घासणाऱ्या पॅडला. हे आकडे आणि रंग एकमेकांशी ताडून पाहता येतात, असे गृहीत धरून मी माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर तीन शनिवार-रविवार घालवले. तो त्रास अजून मनातून गेलेला नसल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गाडी आधी मी एका बफिंग करणाऱ्याकडे दिली होती. परत मिळाली तेव्हा ती आरशासारखी दिसत होती, पण तीन-चार वेळा धुतल्यावर पॉलिशमधील तेलकट अंश निघून गेला आणि उन्हात सगळ्या पत्र्यावर मशिनच्या फेऱ्यांचे पट्टे दिसू लागले. रोटरी मशिनचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरतो. हात कच्चा असेल किंवा शेवटचा बारीक टप्पा गाळला असेल, तर तो असे एकाच दिशेचे बारीक ओरखडे मागे ठेवतो. त्यांना होलोग्राम म्हणतात. ते पाहून मी स्वतःच मशिन घ्यायचे ठरवले आणि १५ मिलिमीटर थ्रोचे (थ्रो म्हणजे पॅडच्या हेलकाव्याचा व्यास) ड्युअल अ‍ॅक्शन मशिन निवडले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण त्यात पॅड फिरता फिरता हेलकावेही घेते, त्यामुळे उष्णता कमी राहते आणि नवशिक्याच्या हातून रंगाचा थर जाळला जाण्याची भीती बरीच कमी होते.

धुणे, लोहकण विरघळवणारा फवारा, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) आणि रबरी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावणे हे सगळे एका सकाळी आटोपले. रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने बहुतेक पत्र्यांवर ११० ते १२५ मायक्रॉन दाखवले. एका दारावर मात्र आकडा २३० च्या वर गेला, म्हणजे ते दार पूर्वी पुन्हा रंगवलेले होते. हे यंत्र सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगते, वरच्या पारदर्शक क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि उन्हातील अतिनील किरणांपासूनचे संरक्षण बहुतांशी त्याच्यावर अवलंबून असते, म्हणून एकूण आकडा चांगला दिसला तरी मोकळा हात सोडू नये.

खरी अडचण बॉनेटवर सुरू झाली. मायक्रोफायबर पॅड आणि कंपाऊंड वापरून मी एक चौकोन घासला. होलोग्राम पूर्ण गेले, परंतु त्यांच्या जागी दुधी, धुरकट पडदा आला. त्यावर बारीक पॉलिश फिरवले, तेव्हा पडदा गेल्यासारखा वाटला. पण पॉलिशचा तेलकट अंश काढण्यासाठी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताच तो परत दिसू लागला. पॉलिश हलके असावे असे समजून दुसऱ्या कंपनीचे आणले, आणि पुढच्या आठवड्यात तिसरे. तिन्हींचा निकाल सारखाच होता. प्रत्येक वेळी मी बाटली बदलत होतो, आणि त्याच वेळी कधी वेग वाढवत होतो, कधी दाब वाढवत होतो. त्यामुळे नेमके कशाने काय होते, हे कळण्याचा मार्ग मीच बंद करून ठेवला होता.

तिसऱ्या रविवारी मी बॉनेटवर चिकटपट्टीने चार चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. त्याच वेळी मशिनच्या बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसते त्या चकतीच्या) कडेला काळ्या पेनाने एक रेघ ओढली, आणि या रेघेनेच पहिला उलगडा केला. बॉनेटच्या उताराच्या भागावर ती रेघ जागच्या जागी थरथरत होती. म्हणजे पॅड हेलकावे घेत होते, पण फिरत नव्हते. अशा मशिनमध्ये पॅड बेअरिंगवर मोकळे असते, त्यामुळे ते तिरपे धरले किंवा त्यावर भार टाकला की फिरणे थांबते. मी चमक यावी म्हणून दाबत होतो, आणि दाबल्यामुळेच काम थांबत होते.

दुसरा उलगडा पॅडच्या प्रकाराचा होता. माझ्या गाडीचा क्लिअर कोट मऊ आहे आणि मऊ कोटावर मायक्रोफायबरचे तंतूच बारीक ओरखडे पाडतात. त्या ओरखड्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे तो पडदा. पहिल्या चौकोनात मायक्रोफायबर आणि कंपाऊंड ठेवले, तिथे पडदा कायम राहिला. दुसऱ्यात तेच कंपाऊंड मध्यम फोमवर घेतले, तेव्हा तो अर्ध्यावर आला. तिसऱ्यात बारीक पॉलिश मध्यम फोमवर घेतले, आणि आडव्या-उभ्या फेऱ्यांच्या एकाच आवर्तनात होलोग्रामही गेले आणि पडदाही जवळजवळ उरला नाही. म्हणजे कंपाऊंडची गरजच नव्हती. चौथ्यात त्याच जोडीनंतर मऊ फोम घेऊन, वेग कमी करून, शेवटचे दोन फेरे केवळ मशिनच्या वजनावर फिरवले. अल्कोहोलने पुसून दिवा तिरपा धरला, तेव्हा त्या काळ्या रंगात दिव्याचा एकच स्वच्छ ठिपका होता. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. वापरलेले पॉलिश पहिल्या आठवड्यात बाजूला टाकलेलेच होते.

तिसरे कारण याच टप्प्यावर लक्षात आले, आणि माझ्या मते ते सर्वांत अधिक दुर्लक्षित असते. घासून निघालेला कोट आणि वापरलेले पॉलिश पॅडमध्ये साठत जाते, आणि भरलेले पॅड कितीही चांगले पॉलिश घेतले तरी ओरखडेच पाडते. आता मी प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने पॅड साफ करतो आणि दोन-तीन पत्र्यांमागे पॅडच बदलतो. म्हणून पैसे वाचवायचेच असतील, तर ते बाटल्यांवर वाचवावेत, पॅडवर नाही.

पुन्हा रंगवलेल्या दाराने मात्र हे सूत्र मानले नाही. तिथे मध्यम फोम आणि बारीक पॉलिश नुसते सरकत राहिले, आणि शेवटी मायक्रोफायबर व कंपाऊंडच लागले. एकाच गाडीवर दोन पत्रे इतके वेगळे वागू शकतात, त्यामुळे सौम्य जोडीपासून सुरुवात करून प्रत्येक वेगळ्या पत्र्यावर चाचणीचा चौकोन घ्यावा.

दिव्याची गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. ट्यूबलाइटचा पसरट उजेड बारीक ओरखडे लपवतो. ते एका बिंदूतून येणाऱ्या एलईडीखाली किंवा थेट उन्हात दिसतात. तपासायला उन्हात जावे, पण घासायचे काम थंड पत्र्यावर सावलीत करावे, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लवकर वाळते. चौकोन साधारण ४५ सेंटिमीटरचा ठेवावा, वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घ्यावेत, आणि हात सेकंदाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा येईल असा, आधी आडवा व मग उभा न्यावा. पुसायचे कापड दाट आणि स्वच्छ हवे. मऊ कोटावर कोरडे कापडही रेघा उमटवते, आणि त्या रेघांचा दोष पॉलिशला दिला जातो. कडा आणि उठावाच्या रेघांवर रंग पातळ असतो, तिथे मशिन रेंगाळू देऊ नये.

चालकाच्या बाजूच्या फेंडरवर नखाला अडकणारा एक ओरखडा आहे. तो मी तसाच ठेवला आहे. त्याच्या तळापर्यंत पोहोचायचे, तर भोवतीचा सगळा कोट तेवढाच खाली न्यावा लागेल, आणि त्या जागी जाडीचे यंत्र १०४ दाखवते.