परत फिरण्याची वेळ

लेकीचा जन्म झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात आम्हा दोघांनीही नवी कामे हाती घेतली, तेव्हापासून ओळखीची माणसे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत असतात: आता डोंगर बंद का? डोंगर बंद झालेले नाहीत, पण त्यांचे मोजमाप मात्र पूर्णपणे बदलले आहे. पूर्वी आमच्या बोलण्यात किलोमीटर आणि उंची यांनाच महत्त्व असे. माथा गाठला की दिवस सार्थकी लागला, असा आमचा सरळ हिशेब होता. आता आम्ही तासांत बोलतो आणि त्या तासांतला सर्वांत महत्त्वाचा तास निघण्याचा किंवा पोहोचण्याचा नसून परत फिरण्याचा असतो.

आधी कामांविषयी सांगतो, कारण बाकीचे सगळे त्यांच्याभोवतीच बसवावे लागते. पत्नी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाली आहे आणि तिच्या पाळ्या बदलत असतात. मी घरून काम करतो. आमच्या गटातले सहकारी वेगवेगळ्या देशांत बसलेले असल्यामुळे कोणाची तरी सकाळ सतत उजाडतच असते. तिचे काम भलत्या वेळी येते, पण एकदा पाळी संपली की ते खरोखरच संपते. माझे काम सोयीच्या जागी आहे, पण त्याला कडा नाही. या दोन प्रकारच्या दमणुकीत फरक आहे, हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते. ती घरी येते तेव्हा तिचे शरीर थकलेले असते, पण डोके मोकळे असते. माझे नेमके उलटे. त्यामुळे आज बाहेर पडायचे की नाही, हे 'सुट्टी आहे ना?' एवढ्या एका प्रश्नावर ठरवता येत नाही.

एका बाबतीत मात्र आमच्यात चर्चा होत नाही. तिची नाइट संपलेल्या सकाळी आम्ही कुठेही निघत नाही आणि त्या दिवशी ती गाडी चालवत नाही. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता आणि प्रतिसादाचा वेग रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका खालावतो, असे यावरच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. रात्रपाळीहून परतलेली व्यक्ती बहुतेक वेळा हा टप्पा ओलांडूनच घरी आलेली असते. दिवस कितीही सुंदर असला, आकाश कितीही निरभ्र असले, तरी तो दिवस झोपेचा. पाळ्यांचे वेळापत्रक हाती आले की दोघांचे मोकळे तास जिथे जुळतात, तिथे आम्ही लगेच खूण करून ठेवतो, कारण खूण केली नाही तर ते तास कपडे धुण्यात आणि राहिलेल्या ईमेलमध्ये विरघळून जातात.

आता चालण्याचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला एक ठोकताळा डोंगरात फिरणारे लोक आजही वापरतात: सपाटीवर ताशी सुमारे 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईसाठी आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटरची वाट आणि त्यात 600 मीटर चढ असेल, तर अडीच तासांहून थोडा अधिक वेळ. हा हिशेब धडधाकट माणसाचा, बरी वाट असलेला आणि विश्रांती न धरलेला आहे. आम्ही दोघेच होतो तेव्हा तो आमच्या चालीला बऱ्यापैकी जुळत असे. तिघे झाल्यावर त्याला एखाद्या आकड्याने गुणले की काम भागेल, असे मला वाटत होते. पत्नीचे म्हणणे वेगळे होते आणि तेच बरोबर निघाले. मूल बरोबर असताना चाल नुसती मंदावत नाही, तिचे तुकडे पडतात. आणि दोन तुकड्यांमधल्या थांब्याची लांबी नेस्मिथ ठरवू शकत नाही, ती एखादी मुंगी ठरवते.

थांबणे हा केवळ नाइलाज नाही, त्याची गरजही आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या हालचाली, बैठक आणि झोप यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा मोठ्यांच्या पाठीवर बांधलेल्या अवस्थेत सलग एक तासापेक्षा जास्त ठेवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान 180 मिनिटे निरनिराळ्या प्रकारची शारीरिक हालचाल मिळावी, हेही त्यांत आहे. या दोन वाक्यांनी आमच्या नियोजनाचा पाया बदलला. लेकीला पाठीवर घेऊन आपण चार तास चाललो, तर तो व्यायाम आपला होतो; तिच्यासाठी ते चार तासांचे बसून राहणेच असते. म्हणून आता पाठीवरचा प्रत्येक टप्पा पाऊण तासाच्या आसपास संपवायचा आणि मग तिला खाली सोडायचे, असा क्रम ठेवला आहे. जिथे थांबायचे ती जागा नकाशावर आधीच पाहून ठेवतो. समोच्च रेषा जिथे विरळ आहेत, म्हणजे उतार सौम्य आहे, आणि जिथे जवळपास कडा किंवा वाहते पाणी नाही, अशीच जागा निवडतो. पूर्वी नकाशात आम्ही माथे शोधत होतो. हल्ली दाटीवाटीच्या रेषांमध्ये दडलेले एखादे छोटेसे सपाट ठिकाण सापडले की जास्त आनंद होतो.

ओझ्याची वाटणीही नव्याने शिकावी लागली. पाठीवरच्या चौकटीच्या कॅरिअरमध्ये मूल बसवायचे, तर त्याला आधाराशिवाय नीट बसता यायला हवे आणि मान पूर्ण सावरलेली हवी. साधारण सहा महिन्यांच्या आधी ते होत नाही. दीड वर्षाची मुलगी सुमारे 10 किलोंची, कॅरिअर अडीच-तीन किलोंचे, शिवाय दर लिटर पाण्यामागे एक किलो. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण सॅकमधले ओझे मागे वळून हाक मारत नाही, झोपल्यावर एका बाजूला कलत नाही आणि आपले केस ओढत नाही. शिवाय या ओझ्याचा मध्य उंचावर असल्यामुळे उतारावर तोल पुढे जातो आणि मुलाचे डोके आपल्या डोक्याच्या वर असल्यामुळे आपण सहज पार केलेली फांदी त्याच्या कपाळावर बसू शकते. वाकून जाण्याऐवजी गुडघ्यांत बसून जायचे, ही सवय मला हळूहळू लागली. वाकलो की ती पुढे झुकते आणि बसलो तरच ती खाली येते, हा साधा भेद शरीरात मुरायला बराच वेळ गेला. लेक ज्याच्या पाठीवर असेल त्याने दुसरे काहीही उचलायचे नाही, नकाशाही पाहायचा नाही. रस्ता, वेळ आणि आभाळ यांची जबाबदारी दुसऱ्याची. पाण्याचा ओढा पायवाटेला आडवा आला आणि तो कोरड्या दगडांवरून ओलांडता येत नसेल, तर पाठीवर मूल असताना आम्ही तो ओलांडतच नाही.

थंडीच्या बाबतीत मात्र आम्ही जवळजवळ भित्रे झालो आहोत आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच वाटत नाही. हजार मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे शाळेतच शिकलो होतो. पण चालणाऱ्याला घाम फुटलेला असतो आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरचे मूल न हलता वाऱ्यात बसलेले असते. लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असल्यामुळे त्यांची उष्णताही लवकर निघून जाते. आपल्याला उकडते आहे, म्हणजे तिलाही उकडत असेल, हा तर्क म्हणून धोक्याचा आहे. हातपाय गार लागले तरी त्यावरून फारसे काही कळत नाही; मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे लागते. प्रत्येक थांब्यावर आम्ही तेच करतो. ती या तपासणीला गुदगुल्या समजते.

या सगळ्याचा शेवट परत फिरण्याच्या वेळेत होतो. अंधार पडण्यापूर्वीचे उपलब्ध तास आम्ही तीन भागांत वाटतो: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक कोणाच्याही नावावर न लिहिलेला. पहिला भाग संपला की जिथे असू तिथून वळायचे. ही वेळ घरात, पोट भरलेले असताना आणि माथा डोळ्यांसमोर नसताना ठरवायची, कारण वाटेत ठरवू म्हटले की माणूस स्वतःशीच वकिली करू लागतो. शिवाय दोघांपैकी एकाने 'फिरू या' म्हटले की दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. या कलमाची खरी परीक्षा एका डोंगरधारेवर झाली. माथा समोर होता, वाट सोपी होती आणि लेक गाढ झोपली होती.

"अगं, अजून फक्त वीस मिनिटं," मी म्हणालो.

"वीस जायची, वीस यायची, आणि ती जागी झाली की पुढचं तिच्या हातात. वळ."

मी वळलो, पण परतीच्या वाटेवर बराच वेळ माझे तोंड फुगलेले होते. तो माथा आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

विजांबाबतचा नियम त्याहून कडक आहे. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, त्यामुळे वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून अंतराचा अंदाज बांधता येतो. मात्र वीज पावसाच्या पट्ट्यापासून कित्येक किलोमीटर दूरही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला की मोजत बसायचे नाही, धारेवरून उतरायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे उघड्यावर जायचे नाही.

डायपरविषयी कोणी उत्साहाने लिहीत नाही, पण लिहायला हवे. वापरलेले डायपर पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. घट्ट बंद होणाऱ्या दुहेरी पिशवीतून सगळे परत आणायचे. मोठ्यांसाठी पाण्यापासून सुमारे 60 मीटर दूर आणि 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा हा संकेत आहे, पण डायपरमधले प्लास्टिक मातीत मिसळत नाही. उतरताना सॅक हलकी होते, हा जुना अनुभव त्यामुळे आता खोटा ठरला आहे.

कामावर याचा काय परिणाम झाला, असे विचाराल तर माझ्याबाबतीत एक ठोस बदल झाला. माझ्या कामाला कडा नव्हती. ती आता मी परत फिरण्याच्या वेळेसारखीच आधी ठरवतो. संध्याकाळी ठरलेल्या वेळी लॅपटॉप मिटतो, मग समोरचा मुद्दा वीस मिनिटांत सुटण्यासारखा दिसत असला तरीही. गटातल्या लोकांना याची सवय व्हायला अपेक्षेपेक्षा कमी दिवस लागले. मलाच जास्त लागले. पत्नीच्या बाबतीत असा गोड निष्कर्ष काढता येत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही जणांना आठवडाभर कृत्रिम प्रकाशाशिवाय डोंगरात तंबूत ठेवले होते, तेव्हा त्यांच्या शरीरातले रात्रीचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकून सूर्याशी जुळले. हे वाचून मी हुरळून गेलो होतो. त्यावर ती म्हणाली, की घड्याळ सूर्याशी जुळवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा रात्रपाळीला जायचे, यात शरीराचा फायदा नेमका कोणता? तिच्यासाठी डोंगर हा पाळ्यांवरचा उपाय नाही. तिला तिथे जायला आवडते, म्हणून ती येते, आणि मला वाटते हे कारण पुरेसे आहे.

आता पुढचा बेत तिघांनी मिळून तंबूत एक रात्र काढण्याचा आहे आणि त्यावरून घरात मतभेद आहेत. लेकीला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचे नाही, यावर एकमत आहे. त्यात लहान मुलाचे तोंड झाकले जाण्याचा आणि त्याला जास्त उकडण्याचा धोका असतो. तिच्यासाठी अंगाच्या मापाची, बाह्या असलेली झोपण्याची पिशवी आणि खाली वेगळी चटई लागेल. तंबू गाडीपासून चालत पाच मिनिटांच्या आत असावा, हेही ठरले. वाद आहे तो परत फिरण्याच्या वेळेचा. माझे मत असे, की ठराविक वेळेपर्यंत ती झोपली नाही तर तंबू गुंडाळून घरी यावे. दिवसा जो नियम पाळतो तो रात्री का सोडायचा? पत्नी म्हणते, की काळोखात रडणारे मूल कडेवर घेऊन तंबू उतरवणे आणि अर्धवट झोपेत गाडी चालवणे, यापेक्षा आळीपाळीने जागून उजाडण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित आहे. शिवाय जागरणाचा अनुभव या घरात कोणाला जास्त आहे, हेही ती विचारते. तिचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही, त्यामुळे तारीख ठरली आहे आणि तो रकाना तेवढा रिकामा आहे.