सापांचा तास आणि दोन चिठ्ठ्या

कोकणात जांभ्याच्या सड्यावर दगड उलटला आणि खाली फुरसं निघालं, तर त्याची कुणी बातमी करत नाही. आमच्या शाळेत कुठल्याही वर्गात विचारा, पान लागल्याची, म्हणजे साप चावल्याची, एखादी गोष्ट निघतेच. मी इथे ग्रंथपाल आहे. नागपंचमीच्या आधी सापांवर काहीतरी करू, असं विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, तेव्हा कपाटातली सापांवरची जेवढी होती तेवढी पुस्तकं टेबलावर मांडली आणि ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर व तालुक्यातले एक सर्पमित्र यांना बोलावलं.

सर्पमित्र साप न घेता आले. मुलांचा हिरमोड झाला. साप धरून त्याचा खेळ करणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, एवढं सांगून त्यांनी पिशवीतून एक कात काढली. कातीवर रंग राहत नाही, खवले मात्र जसेच्या तसे उमटतात. प्रयोगशाळेतली भिंगं आणली. पाठीच्या मधोमध षटकोनी, शेजारच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक ओळ दिसली. पुस्तकांतली चित्रं चाळत मुलांनी नाव काढलं: मण्यार. बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

डॉक्टरांनी आमचीच एक कोरडी, स्वच्छ परीक्षानळी मागून घेतली. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. म्हणून रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त अशा नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विष अंगात भिनलंय. “प्लास्टिकची नळी चालेल?” एका मुलीने विचारलं. नाही चालत, रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. बाई माझ्याकडे बघून हसल्या. पाठ्यपुस्तकातला रक्त गोठण्याचा परिच्छेद त्यांनी गेल्याच आठवड्यात शिकवला होता, तेव्हा वर्गातून एकही प्रश्न आला नव्हता.

बोलता बोलता डॉक्टरांनी टेबलावरचं सगळ्यात जाडजूड, मोठ्या चित्रांचं जुनं पुस्तक उघडलं आणि प्रथमोपचाराच्या पानावर थांबले. घट्ट आवळपट्टी बांधा, जखमेवर चिरा द्या, त्यात पोटॅशियम परमँगनेट भरा. “हे यातलं काहीही करायचं नाही,” ते म्हणाले. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष रुग्णालयात असतं.

तेवढ्यात एकजण म्हणाला, “पण सर, आमच्या काकांना मंत्राने उतरलं होतं.” सगळ्या माना एका मुलाकडे वळल्या. त्याचे आजोबा पंचक्रोशीत विष उतरवतात.

डॉक्टर चिडले नाहीत, हे मला फार आवडलं. बरेचसे साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. तेव्हा काहीही न करता अनेकजण बरे होणारच. “आणि जे वाचले नाहीत, ते सांगायला कसे येतील?” तो मुलगा खाली बघत होता. मग त्याने विचारलं, “मग आमच्या आजोबांनी काय करायचं?”

“मंत्र म्हणू देत की,” डॉक्टर म्हणाले. “पण गाडीत बसून, रुग्णालयात येता येता. त्यांनी गाडीत बस म्हटलं तर लोक बसतील. माझं ऐकत नाहीत.”

तास सुटल्यावर त्या मुलाला नेमकं तेच जुनं पुस्तक हवं होतं, आजोबांना चित्रं दाखवायला. रद्द करायच्या पुस्तकांत टाकावं का, असं मनात आलं होतं. पण इतकी मोठी चित्रं दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाहीत. शेवटी डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घेतल्या, ती चिठ्ठी त्या पानावर चिकटवली आणि पुस्तक दिलं.

परतीची तारीख उलटली. विचारलं तर म्हणाला, “आजोबा अजून बघतायत. ते म्हणतात, कवड्याचं चित्र चुकलंय. पट्टे शेपटीपर्यंत ठळक काढलेत.”

त्या पानाचा फोटो मागवून सर्पमित्रांना पाठवला. उत्तर लगेच आलं: “म्हातारबुवांचं बरोबर आहे. आणखी एक चिठ्ठी चिकटवा.”